आवारातले मैदान : मंडळीच्या फुटबॉल उपक्रमाच्या नोंदी

४ सप्टेंबर २०२२, रविवार

उपासनेनंतर आपल्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची बैठक झाली. चर्चच्या मागची मोकळी जागा साफ करून तेथे मुलांना फुटबॉल खेळू देण्यास सहा महिन्यांपुरती परवानगी मिळाली, आणि कमिटीच्या सूचनेनुसार मंडळीचा पाळक म्हणून मी ही नोंदवही आजपासून सुरू करत आहे. अटी तीन आहेत. उपासना चालू असताना मैदानावर चेंडू दिसता कामा नये. खिडक्यांची काच फुटल्यास भरपाई मंडळीच्या तरुण संघाने करावी. आणि किती मुले खेळायला आली व त्यांपैकी किती उपासनेला येऊ लागली, हे दोन आकडे दर महिन्याला कमिटीपुढे ठेवावेत. तिसऱ्या अटीला हरकत घेण्याचा मला अधिकारच नव्हता, कारण माझ्याच प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात मी लिहिले होते की तरुण मुले मंडळीपासून दूर जात आहेत आणि फुटबॉलच्या निमित्ताने ती परत येतील.

कोल्हापुरात असा प्रस्ताव मांडायला फारसा युक्तिवाद लागत नाही. येथले संघ तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांपुढे आजही ‘तालीम मंडळ’ असते, आणि लाल मातीत घुमणाऱ्या पोरांच्या पुढच्या पिढ्यांनी चेंडूही तितक्याच इरेने खेळावा हे या शहराच्या स्वभावाला धरूनच झाले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की गॅलरीत जागा मिळत नाही. आपली मंडळी मात्र या साऱ्यापासून थोडी अलिप्त राहिली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये या शहरात आले. तेव्हापासूनची आपली ओळख आपण शाळा, दवाखाना आणि उपासना या तीन शब्दांत सांगत आलो. आखाडा त्यात कधी आला नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

गाजरगवत काढले. त्याखाली निघालेल्या विटा, खापरे आणि बाटल्यांचे तुकडे दोन हातगाड्या भरून बाहेर नेले. मोजणी केली तेव्हा जागा ४२ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद भरली, पण एका कोपऱ्यात चिंचेचे झाड असल्याने आयत पूर्ण होत नाही. झाड तोडण्याची सूचना एकाने केली, ती मी तिथेच थांबवली. झाडाच्या बुंध्याला चेंडू लागला तर खेळ चालूच राहील असा स्थानिक नियम मुलांनी स्वतः करून घेतला आहे.

गोलपोस्टसाठी लोखंडी पाइप वेल्डरकडे दिले. नियमाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. एवढ्या जागेत तो शोभणार नाही, म्हणून तीन मीटर बाय दोन मीटरचे दोन सांगाडे करून घेत आहोत. जाळे नदीकाठच्या एका भोई गृहस्थांनी विणून देण्याचे कबूल केले. पैसे घेणार नाहीत म्हणाले. मी द्यायचे ठरवले आहे.

२५ सप्टेंबर, रविवार

तरुण संघासाठी खेळ आणि मंडळी या विषयावर चार पाठ तयार करायचे आहेत, त्याचे वाचन या आठवड्यात केले. इंग्लंडमधल्या आजच्या कितीतरी मोठ्या संघांची जन्मनोंद एखाद्या चर्चच्या दप्तरात सापडावी, हे मला ऐकून माहीत होते. एकत्र वाचल्यावर त्याचे प्रमाण लक्षात आले. बर्मिंगहॅमच्या एका वेस्लियन चॅपलमधल्या क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांना हिवाळ्यात काही उद्योग हवा होता, त्यातून १८७४ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला निघाला. त्यांनी पहिला सामना रग्बीच्या संघाशी खेळला, आणि तोही अर्धा वेळ रग्बीच्या व अर्धा वेळ फुटबॉलच्या नियमांनी. लिव्हरपूलमध्ये सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चॅपलचा संघ १८७८ मध्ये उभा राहिला आणि पुढल्या वर्षी त्याने एव्हर्टन हे नाव घेतले. मँचेस्टरच्या वेस्ट गॉर्टन भागात दारू आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी ग्रासलेल्या वस्तीत सेंट मार्क्स चर्चच्या कार्यकर्त्यांनी १८८० मध्ये जो संघ काढला, तोच आजचा मँचेस्टर सिटी. साउदॅम्प्टनच्या संघाला लोक अजूनही ‘संत’ म्हणतात, कारण १८८५ मध्ये तो सेंट मेरीज चर्चच्या तरुण संघाने सुरू केला.

तरुण संघाला हे सारे ऐकवायला मला आवडेल. पण वाचताना मी थांबलो तो बोल्टनपाशी. तेथील क्राइस्ट चर्चच्या रविवार शाळेतून १८७४ मध्ये संघ निघाला आणि तीनच वर्षांनी, चर्चच्या जागेच्या वापरावरून धर्मगुरूंशी बिनसल्यामुळे, मुले उठून निघून गेली. स्वतःचे मैदान नसल्याने इकडे तिकडे फिरणाऱ्या त्या संघाने नावच ‘वाँडरर्स’, म्हणजे भटके, असे घेतले. त्या धर्मगुरूंच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिले आणि मला त्यांचा राग आला नाही. हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला आपण मालक आहोत असे वाटू लागायला तीन वर्षेही लागत नाहीत.

१२ ऑक्टोबर, बुधवार

काल रात्री भुवनेश्वरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारत अमेरिकेकडून ०-८ असा हरला. आज संध्याकाळी मैदानावर मुलगे त्यावर हसत होते. मंडळीतल्या चार मुली भिंतीवर बसून ते ऐकत होत्या. त्यांतली एक खाली उतरली आणि ‘आम्हाला कुणी कधी चेंडू दिलाय का?’ एवढेच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण परवानगीच्या अर्जात मी ‘मुले’ हा शब्द लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुलगेच होते.

सोमवार आणि शुक्रवार मुलींसाठी राखून ठेवले. भगिनी मंडळातल्या एका शिक्षिकेने देखरेखीची जबाबदारी घेतली आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी पाळकगृहात एक गृहस्थ भेटायला आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि त्यांचा मुलगा गेले तीन आठवडे आपल्या मैदानावर येतो. चहा घेतला, पावसाचे बोलणे झाले, आणि मग पेला खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “पाळकसाहेब, राग मानू नका. खेळच हाय न्हवं?”

“खेळच आहे,” मी म्हणालो.

ते समाधानाने गेले. मी मात्र प्रस्तावाची प्रत काढून पुन्हा वाचली. ‘फुटबॉलच्या निमित्ताने’ असे जे मी लिहिले होते त्याला आपल्या भाषेत एक साधा, वर्तमानपत्रातल्या धर्मांतराच्या बातम्यांत रोज येणारा शब्द आहे : आमिष. आपल्यावर तो आरोप झाला की आपण दुखावतो, आणि बहुतेक वेळा तो खोटाही असतो. पण माझ्या हस्ताक्षरातल्या त्या परिच्छेदात तो शब्द सोडून त्याचा सगळा अर्थ होता. त्या गृहस्थांना मी दिलेले उत्तर आणि कमिटीला दिलेले वचन ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि त्यांतले एक मला परत घ्यावे लागणार आहे.

येशूने कोळ्यांना सांगितले की मी तुम्हांला माणसे धरणारे करीन. त्या वाक्यावर मी निदान दहा वेळा प्रवचन केले असेल. आज प्रथमच लक्षात आले की ते कोळी, पेत्र आणि अंद्रिया, जाळे टाकत होते. त्या प्रसंगात गळ नाही, आणि गळाला लावायचे काहीही नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

कमिटीची बैठक दोन तास चालली. तिसरी अट काढून टाकावी, किंवा निदान दुसरा आकडा विचारू नये, अशी विनंती मी लेखी केली होती. सर्वांत ज्येष्ठ पंचांनी जो प्रश्न विचारला तो मला येथे प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण तो चुकीचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की मंडळी दशमांशावर, म्हणजे सभासदांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर, चालते. म्हाताऱ्या विधवांनी पाकिटात घालून दिलेले शंभर रुपये त्यात आहेत. मग मंडळीच्या कामाशी ज्याचा संबंध नाही असे तुम्हीच म्हणता, त्या कामावर ते पैसे का खर्च व्हावेत? मैदान काय, महानगरपालिकाही करून देईल.

मी लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट काढली. दहाही शुद्ध झाले आणि आभार मानायला परत आला तो एकटा शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले खरे, पण त्या नऊ जणांचे कुष्ठ परत आले असे लूकने लिहिलेले नाही. ज्याने बरे केले त्याला परत येणाऱ्यांची संख्या ठाऊक नव्हती असे मानता येत नाही. ती ठाऊक असूनही त्याने दहांना बरे केले. यावर ज्येष्ठ पंच म्हणाले की येशूने खेद मात्र व्यक्त केला, आणि मंडळीला निदान तेवढा तरी अधिकार असावा. हा मुद्दा त्यांचा होता. मी तो मान्य केला.

निर्णय असा झाला की तक्त्यात एकच रकाना राहील, पण सहा महिन्यांनी कमिटी सगळ्याचा पुन्हा विचार करील. खेळापूर्वी प्रार्थना व्हावी का, हा प्रश्न पाळकांच्या विवेकावर सोडला. माझा विवेक असे सांगतो की आपल्या मुलांनी हवी तर उपासनागृहाच्या पायरीवर बसून प्रार्थना करावी आणि मग मैदानात यावे. मैदानात जो येतो तो ज्यासाठी बोलावले त्यासाठीच येईल.

२३ नोव्हेंबर, बुधवार

शहरभर मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे फलक लागले आहेत. काल दुपारी अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ हरल्यामुळे आज निम्मी मुले सरावाला आलीच नाहीत. उरलेली ब्राझीलची होती आणि अवाजवी आनंदात होती.

१० डिसेंबर, शनिवार

ब्राझीलवाल्या मुलांचा आनंद काल रात्री संपला. क्रोएशियाशी १-१ बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये ब्राझील बाहेर. त्यानंतर मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेला अर्जेंटिना आणि नेदरलँड्सचा सामना २-२ वरून पुन्हा टायब्रेकरवर गेला आणि अर्जेंटिनाने तो काढला. सकाळी नाताळगीतांच्या सरावाला आलेल्या तरुणांचे डोळे पाहून मी काही बोललो नाही, कारण माझेही तसेच होते.

सरावानंतर एक अकरा वर्षांचा मुलगा वेदीजवळ थांबला आणि त्याने विचारले की पुढच्या सामन्यासाठी मी अर्जेंटिनासाठी प्रार्थना करीन का. मिलानकडून खेळणाऱ्या ब्राझीलच्या काका या खेळाडूने २००७ साली चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर सदरा काढून आतला ‘मी येशूचा आहे’ असा मजकूर जगाला दाखवला होता, हे त्याला कोणीतरी सांगितले होते, आणि त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला होता की येशूचे असणारे संघ जिंकतात. मी त्याला विचारले की मिलानच्या हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांत, म्हणजे लिव्हरपूलमध्ये, त्या रात्री कोणीच प्रार्थना केली नसेल का. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “मग देव काय करतो?” आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या, तिसऱ्या रविवारसाठी लिहिलेले प्रवचन मी आज बाजूला ठेवले आहे. एवढ्या सरळ प्रश्नापुढे ते उभे राहत नाही.

११ डिसेंबर, रविवार

प्रवचन बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर केले : आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. देव काय करतो, याचे एवढेच उत्तर मला सुचले की तो दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये असतो. मुलाच्या चेहऱ्यावरून ते त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

काल आगमनकाळाचा चौथा रविवार, रात्री नाताळगीतांच्या फेरीचा ठरलेला दिवस, आणि रात्री साडेआठला विश्वचषकाची अंतिम लढत. तीन आठवड्यांपूर्वीच हा पेच दिसत होता. फेरी एक दिवस पुढे ढकला असे तरुण म्हणत होते. नाताळापुढे फुटबॉल ढकला असे ज्येष्ठांचे म्हणणे होते. शेवटी फेरी संध्याकाळी पाचला काढली, सतरा घरे केली, शेवटच्या घरी आठ वाजता पोहोचलो आणि तिथल्या आजींनी स्वतःच टीव्ही लावून ठेवलेला निघाला. मंडळीच्या हॉलमध्ये पडदा लावावा असा प्रस्ताव आला होता, तो मी नाकारला. त्याचे कारण धार्मिक नव्हते. हॉलची वायरिंग जुनी आहे.

मी सामना पाळकगृहात पाहिला. मेस्सीचे दोन गोल, एम्बाप्पेचे तीन, ३-३, आणि टायब्रेकरमध्ये अर्जेंटिना ४-२. सव्वाअकरानंतर पेठांतून जो फटाक्यांचा आवाज उठला त्याने चर्चच्या मनोऱ्यातली कबुतरे उडाली. लोक रस्त्यावर नाचत होते आणि त्यांच्यात आपली गीतमंडळीही होती. तीन तासांपूर्वी ज्या ढोलकीवर त्यांनी जन्मोत्सवाचे गीत म्हटले तीच ढोलकी त्यांच्या गळ्यात होती. ढोलकी मंडळीची मालमत्ता आहे. तिच्या कातड्याला भेग गेली आहे आणि दुरुस्तीचा खर्च या उपक्रमाच्या खात्यात टाकावा की गायनवर्गाच्या, हे कमिटीला विचारावे लागेल.

१५ जानेवारी २०२३, रविवार

बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या पुनर्वसनाचे जे चित्र आहे त्यात मंदिराच्या उंचीचे वर्णन नाही. नगराच्या चौकांत हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या बसलेल्या असतील आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले असतील, असे संदेष्टा सांगतो. आज संध्याकाळी भगिनी मंडळातल्या तिघी चिंचेखाली खुर्च्या टाकून बसल्या होत्या आणि मुलींच्या संघातल्या गोलकीपरला मोठमोठ्याने सूचना देत होत्या. त्यांच्या सूचना बहुतांशी चुकीच्या होत्या.

२२ जानेवारी, रविवार

जो प्रश्न पहिल्या दिवसापासून येणार हे ठाऊक होते तो आज आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या एका स्थानिक स्पर्धेत आपल्या संघाचा सामना सकाळी नऊ वाजता ठेवला होता, आणि आपली उपासना साडेनऊला असते. संघातल्या अकरा जणांपैकी दोघेच मंडळीच्या घरांतले आहेत. वेळ बदलून देण्याची विनंती आयोजकांनी नाकारली, आणि त्यात त्यांची चूक नाही. दुसऱ्या संघाला पुढे परगावी जायचे होते.

एरिक लिडलचे नाव अशा वेळी हमखास निघते आणि तसेच ते निघाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरला नाही, ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे तो मिशनरी म्हणून चीनमध्ये गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैदेत वारला. मला हे चरित्र अतिशय प्रिय आहे, पण ते सांगणारे एक गोष्ट विसरतात. लिडलने निर्णय घेतला तो स्वतःपुरता. रविवारी धावणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने कमी लेखल्याचे मी कोठे वाचलेले नाही, आणि त्याच्या वयाच्या निम्म्या मुलांवर कोणी दुसऱ्याने तो निर्णय लादला असता तर त्याला आपण साक्ष म्हटले नसते.

मी दोन्ही घरी जाऊन आईवडिलांशी बोललो आणि सकाळी सातला छोटी उपासना घेईन असे सांगितले. एक मुलगा सातला आला आणि मग खेळायला गेला. दुसरा म्हणाला, मला साडेनऊलाच यायचे आहे, कारण आजी येते. संघ दहा जणांनिशी खेळला आणि ०-२ हरला. व्यासपीठावरून मी दोघांचाही उल्लेख केला नाही. एका पंचांनी उपासनेनंतर सांगितले की सातची उपासना म्हणजे चेंडूसाठी प्रभूच्या दिवसाची वेळ बदलणे होय, आणि हे त्यांना मान्य नाही. त्यांचा विरोध येथे नोंदवत आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार

बुटांचा प्रश्न. संघातल्या निम्म्या मुलांकडे स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट आहेत आणि उरलेले अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटांत खेळतात. अनवाणी पायावर स्टड पडून दोन जखमा झाल्या. एका दानशूर गृहस्थांनी मंडळीतल्या मुलांपुरते बूट देऊ केले होते. मी नम्रपणे नको म्हटले, आणि का नको ते त्यांना समजावताना माझी बरीच तारांबळ उडाली. सध्या नियम असा की आवारातल्या मैदानावर कोणीही स्टड घालणार नाही. बूटवाल्यांची कुरकुर चालू आहे.

त्यांची समजूत काढायला मी त्यांना मोहन बागानची गोष्ट सांगितली. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूट घातलेल्या गोऱ्या सैनिकांना ज्या संघाने २-१ हरवले, त्या संघातले दहा जण अनवाणी खेळत होते. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे गोल सगळ्यांना ठाऊक असतात. बूट घालून खेळणारा अकरावा, डावीकडचा बचावपटू सुधीर चटर्जी, हा बंगाली ख्रिस्ती होता आणि पुढे दीक्षा घेऊन पाळक झाला. हे ऐकल्यावर बूटवाल्यांपैकी एकाने तत्काळ विचारले, “म्हणजे पाळकांना बूट चालतात?” माझा दृष्टांत मी नीट निवडला नव्हता.

चटर्जींविषयी मी मात्र रात्री बराच वेळ विचार करत राहिलो. ज्या साम्राज्याच्या लोकांकडून त्याच्या घराण्याला धर्म मिळाला असेल असे शेजारीपाजारी म्हणत असणार, त्याच साम्राज्याच्या पलटणीपुढे तो आपल्या गावकऱ्यांच्या बाजूने बचाव करत उभा होता. तू कोणाचा, असे त्या दिवशी त्याला कोणी विचारले नसेल. आपल्या मुलांना हा प्रश्न शाळेत अजून विचारला जातो.

२५ फेब्रुवारी, शनिवार

आपल्याकडे ‘पंच’ हा शब्द कमिटीलाही लागतो आणि शिट्टीवाल्यालाही. आज मी दुसऱ्या अर्थाने पंच होतो आणि वाईट होतो. पलीकडच्या पेठेतल्या मुलांशी मैत्रीचा सामना होता. १-१ असताना आपल्या मुलाने मारलेला चेंडू गोलमध्ये गेला असे पाहून मी गोल दिला. प्रत्यक्षात चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता आणि जाळ्याच्या बाजूला पडलेल्या भोकातून आत शिरला होता. समोरच्या मुलांनी आरडाओरडा केला, आपल्यांनी उलट केला, शिव्या झाल्या, आणि एका शिवीत धर्मही आला. ती शिवी आपल्या मुलाने दिली.

मी खेळ थांबवून जाळे पाहिले, गोल रद्द केला आणि दोन्ही संघांपुढे माझी चूक कबूल केली. उपासनेत दर रविवारी आपण सगळे मिळून पापांगीकार म्हणतो तेव्हा माझा आवाज सर्वांत खणखणीत असतो. येथे वीस मुलांसमोर एक वाक्य म्हणताना तो नीट फुटला नाही. शिवी देणाऱ्या मुलाला दोन आठवडे बाहेर बसवले आहे. तो मंडळीच्या खजिनदारांचा नातू आहे.

ग्लासगोचा इतिहास या संदर्भात पुन्हा वाचला. ब्रदर वॉल्फ्रिड या मठवासी शिक्षकाने १८८७ मध्ये सेल्टिक संघ काढला तो गरीब आयरिश मुलांच्या जेवणाचा खर्च भागवण्यासाठी. हेतू याहून शुद्ध असू शकत नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात सेल्टिकने पहिला सामना रेंजर्सशी खेळून ५-२ जिंकला. पुढे याच दोन नावांभोवती कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे जे वैर साचत गेले त्यात पिढ्यानपिढ्या डोकी फुटली. संघ चर्चने काढला म्हणून गॅलरी पवित्र होत नाही. किंबहुना, दुखावलेला माणूस जेव्हा आपल्या बाजूला देवालाही ओढतो तेव्हा त्याला थांबवणे अधिक कठीण जाते.

५ मार्च, रविवार

सहा महिने पूर्ण झाल्याने कमिटीपुढे अहवाल ठेवला. खेळणारे ३४, त्यांत मुली ९. मंडळीच्या घरांतले ११. फुटलेल्या काचा ३, भरपाई झाली. ढोलकी १, भरपाई बाकी. ज्येष्ठ पंचांनी दुसरा आकडा विचारला नाही, परंतु त्यांना तो दर रविवारी बाकांवरून दिसतो आणि मलाही दिसतो : तरुणांची उपस्थिती सप्टेंबरात होती तेवढीच आहे. सातच्या उपासनेला आलेला तो मुलगा अलीकडे आलेला नाही. मी हे स्वतःहून सांगितले. खजिनदारांनी नातवाविषयी एक अक्षरही काढले नाही, आणि त्यांचा हात मुदतवाढीच्या बाजूने वर गेला. कमिटीने तीन महिने दिले, सहा मागितले होते. पाण्याच्या टाकीला कुलूप लावण्याची अट नव्याने घातली आहे, कारण मुले पिण्याचे पाणी डोक्यावर ओततात.

९ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर)

पहाटेची उपासना उघड्यावर, मैदानात झाली. दफनभूमीत चिखल असल्याने जागा ऐनवेळी बदलली. काल संध्याकाळी मारलेली फक्कीची रेघ लोकांच्या पायांनी पुसली गेली. सायकल दुकानवाल्यांचा मुलगा भिंतीपलीकडून बघत होता. मी हात केला, त्यानेही केला, आणि तो दूध आणायला गेला.

१३ मे, शनिवार

वळवाचा पहिला पाऊस काल झाला आणि चिंचेकडच्या कोपऱ्यात पाणी साचले. मुरमाच्या दोन ट्रॉल्या सांगितल्या आहेत. जाळी काढून, धुऊन, उपासनागृहाच्या मागच्या खोलीत टांगली. बाजूचे ते भोक भोईबुवांनी पुन्हा विणून दिले आणि या वेळी पैसे घेतले. खोलीची एक किल्ली मुलींच्या गोलकीपरकडे आणि दुसरी बाहेर बसवलेल्या त्या नातवाकडे दिली आहे. माझ्याकडे किल्ली ठेवलेली नाही. पंप दुरुस्तीला सायकल दुकानात टाकला आहे, मंगळवारी मिळेल.